काळडोहाची पूर्वचाल

गौतमीने शेवेचा डबा उचलून बाजूला ठेवला, कारण तो नेमका दुसऱ्या डोहावर आला होता. जेवणाच्या टेबलावर काळडोहाची घळ पसरली होती. दोन्ही बाजूंना कातळाच्या उभ्या भिंती, मधून वळणं घेत जाणारी नदी आणि जागोजागी साचलेलं हिरवं पाणी. सगळं नुसत्या प्रकाशाचं, हात घातला तर हाताला काही लागत नव्हतं. तरी पुष्करने आपला चहाचा कप दरीच्या काठापासून जपून लांब ठेवला होता.

घळीत उतरायचं तर आता आधी पूर्वचाल करावी लागे. जाणाऱ्यांची प्रतिरूपं या प्रकाशाच्या दरीत चालवायची, त्यांच्यावर ऊन, पाऊस, पूर सोडून बघायचा आणि सगळे सुखरूप बाहेर पडले तरच परवानगी. प्रतिरूप म्हणजे नुसतं बाहुलं नव्हे. मनगटावरच्या पट्ट्याने वर्षानुवर्षं टिपलेली चाल, नाडी, घाबरल्यावर पाय कुठे वळतात, तोंडून कोणता शब्द निघतो, या सगळ्यातून ते घडलेलं असे.

"क्रम नेहमीचाच ना?" तन्वीरने विचारलं. तो पुष्करचा कॉलेजपासूनचा मित्र, आणि यंत्रही त्यानेच आणलेलं. "मी पुढे, गौतमी मधे, तू पिछाडीला?"

"म्हणजे काय! पिछाडी माझीच."

पिछाडी म्हणजे सगळ्यात शेवटचा माणूस. त्याच्या मागे कुणी राहता कामा नये, एवढंच त्याचं काम. डोंगर चढणाऱ्यांत ही मानाची जागा, आणि पुष्कर सबनीस ती वीस वर्षं मिरवत आला होता. लग्नाच्या पंगतीत असो की ऑफिसात, विषय निघाला की "मी असतो ना शेवटी, काळजी नको" हे वाक्य ठरलेलं. त्याच्या बायकोच्या, गौतमीच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तर ते तो जरा जास्तच मोठ्याने म्हणे.

तन्वीरने वरच्या डोंगरावर अवकाळी पाऊस सोडला. बघता बघता टेबलावरचं पाणी गढूळ झालं, चढू लागलं. बोटभर उंचीची तीन माणसं धावत सुटली. मधल्या आकृतीचा बूट दोन दगडांच्या फटीत अडकला.

"आता बघा," पुष्कर खुर्चीत पुढे सरकला.

शेवटची आकृती तिच्यापाशी आली आणि तिला ओलांडून गेली. पुढे जाऊन उंच कातळावर चढली आणि पाठमोरी उभी राहिली.

"पाऊस चुकीचा लागलाय," पुष्कर म्हणाला. "परत लाव."

तन्वीरने परत लावला. मग पाऊस कमी करून लावला, सकाळच्याऐवजी दुपारचा लावला. दर वेळी बूट अडकला, आणि दर वेळी ती छोटी आकृती तिला ओलांडून गेली. एकदा तर जाता जाता तिच्या खांद्याला धक्का लागला. पुष्करचे कान तापले.

"मशीन आहे रे," तन्वीर पुटपुटला.

"मग दुरुस्त कर ना! मी असा आहे का? तू ओळखतोस मला."

"तू काय बोलतोस ते मला माहीत आहे," तन्वीर त्याच्याकडे न बघता म्हणाला. "याला तुझे पाय माहीत आहेत. गेल्या वर्षी आग्यामाश्या उठल्या, तेव्हाचेसुद्धा."

त्या वेळी पुष्कर सगळ्यांच्या पुढे गावात पोचला होता. मदत आणायला धावलो, असं त्याने सांगितलं होतं, आणि सांगता सांगता त्याला स्वतःलाही ते खरं वाटू लागलं होतं. आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. त्याने गौतमीकडे पाहिलं. ती चिडली असती, रडली असती, तर त्याला काहीतरी बोलता आलं असतं. पण तिला धक्काच बसलेला नव्हता. ती शांतपणे टेबलावरच्या स्वतःकडे बघत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? बुटाच्या लेसला एका ओढीत सुटेल अशी गाठ मारते मी. किती वर्षं झाली."

टेबलावरच्या छोट्या गौतमीने तेच केलं. वाकली, लेस ओढली, बूट तिथेच सोडला आणि अनवाणी, लंगडत वर चढली. यंत्राचा दिवा हिरवा झाला. तिघेही सुखरूप, परवानगी मंजूर. यंत्राच्या लेखी या गटात काहीच खोट नव्हती. पुष्करला तो हिरवा दिवा सहन होईना.

"एक राहिलं," तन्वीर चाचरत म्हणाला. "ती एकदाही हाक मारत नाहीये. गौतमी, पट्ट्यात तुझ्या हाका आहेत. मला मारलेल्या आहेत, वाटेतल्या कुत्र्यालासुद्धा आहेत. पुष्करला एकही नाही. म्हणून हाक आली तर तो काय करेल, हे यालाही माहीत नाही. ती जागा कोरी आहे."

पुष्कर उठला. "मी येतच नाही. तुम्ही दोघं जा."

"हे पण पळणंच झालं," गौतमी म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण पुष्कर परत खाली बसला.

"तू येणार आहेस," ती म्हणाली. "फक्त पिछाडी माझी. तू माझ्या पुढे चालायचंस, मला दिसत राहा."

"आणि अडकलीस तर?"

"गाठ आहे की."

पुष्करने मान वर केली. "हाक मारशील?"

गौतमीने टेबलाकडे पाहिलं. कातळावर तो छोटा पुष्कर अजून पाठमोराच उभा होता.

"मारून बघेन," ती म्हणाली. "थांबशील?"

'मी असतो ना' हे शब्द त्याच्या ओठांपर्यंत आले आणि त्याने ते गिळले. तो टेबलाखाली आपल्या पायांकडे बघत राहिला. उत्तर पायांना ठाऊक होतं, की त्यांनाही नव्हतं?