खिडकीच्या मापाची काठी

या पानावर मी नेहमी दुसऱ्यांचे अनुभव वाचते. स्वतःचा लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. खाली जे लिहितेय त्यात पदरचा एक शब्दही नाही. विश्वास ठेवाच असा आग्रह नाही. माझ्या नवऱ्याचाच अजून धड बसलेला नाही.

यात रात्र नाही, अंधार नाही. जे घडलं ते भर दुपारी, लख्ख उन्हात. गेल्या वर्षी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. गाब्रोवोपासून अर्ध्या तासावर, डोंगराच्या कुशीतल्या एका खेड्यात.

आम्ही गाब्रोवोचे. चिकटपणात आमचा हात कुणी धरणार नाही. दार लवकर लागावं आणि ऊब वाचावी म्हणून मांजराचं शेपूट कापणारी माणसं, असं सगळा बल्गेरिया आम्हाला चिडवतो. मी तर त्यातही पहिल्या नंबरची. आणि मला त्याचा अभिमान होता, हेही लिहून टाकते.

त्या खेड्यात आम्ही घर घेतलं, ते आईसाठी.

माझी आई स्तांका, वय शहात्तर. शहरात पाचव्या मजल्यावर राहायची. इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे गेलेले, हृदय अशक्त. आधीच्या हिवाळ्यात ती चार महिने खाली उतरली नव्हती. खिडकीशी बसून लोकांच्या टोप्या मोजायची. मला म्हणाली, "नेवेना, अजून एक हिवाळा इथे काढायला लावलास ना, तर मला दोरीला बांधून खिडकीतूनच खाली सोड."

म्हणून बर्फ पडायच्या आत घर तयार करायचंच, असा मी चंग बांधला.

घर बैठं, दगडी, अकरा वर्षं बंद. त्यामुळे स्वस्तात मिळालं. बाकीचं सगळं आम्ही हातानेच करायला घेतलं. जुनीच दारं घासून परत बसवली. पडक्या गोठ्यातल्या फळ्यांची मांडणी केली. गोणपाटाच्या उशा शिवल्या. माझा नवरा ओग्न्यान म्हणायचा, "तू वाकडे खिळे सरळ करून परत ठोकतेस. मी मेल्यावर माझे बूट कुणाला देणारेस?"

"ज्याला बसतील त्याला," मी म्हणायचे.

एकाच कामाला गवंडी हवा होता. आईच्या खोलीची मागची भिंत पोट काढून बाहेर आली होती. ती उतरवून नव्याने रचायला लागणार होती. गावात जुना गवंडी एकच उरलेला, गेंकोकाका. पण पाडकामाला त्यांची दोन दिवसांची मजुरी कशाला द्यायची? आम्ही छताला टेकू लावले आणि भिंत आम्हीच पाडली.

काका असते तर पुढचं काही झालं नसतं.

भिंतीच्या पोटात, दगडांच्या मधोमध, एक काठी उभी होती...

सोललेली, सरळसोट, माझ्या डोक्याच्याही वर जाणारी. दोन्ही टोकांना लाल लोकर गुंडाळलेली. भिंत दीडशे वर्षांची, पण काठीला कीड नाही. लोकरीचा रंगसुद्धा उडालेला नाही.

भिंतीत काठी कोण ठेवतं, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला फक्त पडद्याची दांडी दिसली.

आईच्या खिडकीला ती लांब होत होती. मी एक टोक करवतीने कापलं. तुकडा चुलीत घातला. दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून कापलेल्या टोकाला माझ्याजवळची लाल लोकर गुंडाळली. पांढरा पडदा, दोन्हीकडे लाल बोंडं. फोटो काढून आईला पाठवला.

लगेच तिचा फोन. "छान आहे गं. पण पडदे काय करू? मला पायाखाली माती हवी. कधी नेतेस?"

"भिंत झाली की."

"तुझी भिंत होईस्तोवर मला आडवी न्यावी लागेल."

ती कायम असंच बोलायची. मी हसून फोन ठेवला.

गेंकोकाकांनी पहिल्या दिवशी भिंत कमरेपर्यंत आणली. दुसऱ्या दिवशी बारा वाजता आम्ही तिघं अंगणात जेवायला बसलो. भाजलेल्या मिरच्या, पाव, दही.

आणि एकदम सगळं शांत झालं...

कोंबड्या. माश्या. खालच्या गल्लीत कुणाचं तरी करवतीचं यंत्र चालू होतं, तेही.

मग घराच्या मागून कुणीतरी चालत आलं. सावकाश. भिंतीवरून तळहात घासत नेल्यासारखा आवाज...

खर्र... खर्र...

कोपऱ्यापर्यंत आला. थांबला.

त्याच क्षणी नवी भिंत कोसळली.

आम्ही आत धावलो. खोलीभर दगड. पडद्याची दांडी खिडकीवर नव्हती. ती कोपऱ्यात उभी होती, कशालाही न टेकता. पडदा तिच्याभोवती लोंबत होता. कुणीतरी अंगावर चादर घेऊन उभं राहावं, तसा.

मी बघत असतानाच ती आडवी पडली.

"हादऱ्याने," ओग्न्यान म्हणाला.

गेंकोकाकांनी काठी उचलली. दोन्ही टोकांची लोकर बोटाने चाचपली. मग टोपी काढून तिथेच दगडावर बसले.

"ही कुठे मिळाली, पोरी?"

"भिंतीत."

"आणि तू तिला पडदा लावलास." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "माझ्या आज्याच्या वेळचे गवंडी असं करायचे. घर टिकायला आत माणूस लागतो म्हणत. मग वाटेने जाणाऱ्या कुणाचं तरी माप घ्यायचं. गपचूप, त्याला कळू न देता. काठी त्याच्या उंचीएवढी तोडायची आणि भिंतीत चिणायची. चाळीस दिवसांत तो माणूस जायचा. आणि मग त्या घराचा राखणदार व्हायचा."

"आणि हे तुम्हाला खरं वाटतं?" ओग्न्यानने विचारलं.

"मी कधी केलं नाही. पण दुसऱ्याने चिणलेलं काढतही नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "जुन्या मापाचा माणूस कधीच गेला. त्याचं त्याला परत दिलं की तो गप होईल. काठी अख्खी आहे ना? कुठे तासली, कापली नाहीस ना?"

आता नीट वाचा. यापुढचं सगळं माझ्या एका शब्दामुळे झालं.

छत टेकूंवर उभं होतं. डोंगरावरचा पहिला बर्फ महिन्याभरावर आला होता. कापली म्हटलं असतं, तर काका घमेलं टाकून निघून गेले असते. आई आणखी एक हिवाळा पाचव्या मजल्यावर अडकली असती.

"नाही," मी म्हणाले. "होती तशी आहे."

पंधरा सप्टेंबरला काकांनी ती काठी भिंतीत उभी केली आणि वरून दगड रचले. भिंत उभी राहिली. दुपारची पावलं परत आली नाहीत. कोंबड्या बारा वाजताही ओरडत राहिल्या. मी भिंतीला गिलावा केला, चुना मारला, आणि एक ऑक्टोबरला आईला आणलं.

पुढचे तीन आठवडे आईच्या आयुष्यातले फार चांगले होते. निदान मी तरी असं मानते. ती रोज अंगणात चालायची. अक्रोड वेचायची. शेजारणीच्या कोंबड्यांना शिव्या द्यायची आणि मग त्याच शेजारणीसोबत तासभर कॉफी प्यायची. ओग्न्यानला म्हणायची, "जावईबापू, मुलगी कंजूष दिली म्हणून मला बोल लावायचात ना? बघा, तिच्या कंजूषपणातून मला अख्खं अंगण मिळालं."

मग भिंतीवर ओल आली...

आईच्या पलंगासमोर. सरळ उभी रेघ, काठीएवढी रुंद, जमिनीपासून वर गेलेली. मी चुना मारला. सकाळी परत तिथेच. पुन्हा मारला, पुन्हा आली. बाकी भिंत कोरडी ठणठणीत.

चोवीस तारखेला आई बाहेर जायला निघाली होती. मोजे घालताना तोल जाऊ नये म्हणून भिंतीला पाठ टेकून उभी राहिली. नेमकी त्या रेघेवर.

रेघ दिसेनाशी झाली.

टाचेपासून टाळूपर्यंत ती आईच्या मागे झाकली गेली. आईच्या डोक्यावर बोटभरही उरली नाही.

"अशी काय बघतेस?" आई म्हणाली. "भूत पाहिल्यासारखी."

ती अंगणात गेल्यावर मी टेप आणून रेघ मोजली. एकशे एक्कावन्न सेंटिमीटर. खिडकीसाठी काठी कापताना मी खिडकीशेजारच्या भिंतीवर पेन्सिलने आकडा लिहून ठेवला होता. तो अजून तिथेच होता. एकशे एक्कावन्न.

मी धावत गेंकोकाकांकडे गेले. ते पिंपात कोबी भरत होते. मी सगळं सांगितलं. कापलेलं टोक, चुलीत गेलेला तुकडा, वरून लावलेली लोकर. ते ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"म्हणजे तू नवं माप केलंस," ते म्हणाले. "आणि मी माझ्या हाताने चिणलं." मग त्यांनी बोटांवर दिवस मोजले. "उद्या चाळिसावा."

"आता काय करू, काका?"

"आईला त्या भिंतीपासून लांब ने. आणि काठी बाहेर काढ. मला मात्र बोलवू नकोस."

लांब म्हणजे कुठे? आमच्याकडे दुसरी जागा एकच होती.

पंचवीसला सकाळी मी आईला म्हणाले, "दोन दिवस शहरात जा. ओलीवर औषध मारायचंय. वास तुला बाधेल."

"पाच मजले चढू? अगं, आत्ता कुठे गुडघे जरा सुटलेत."

"दोनच दिवस, आई."

ती माझ्याकडे बघत राहिली. "नेवेना, खोटं बोललीस की तू कान ओढतेस. लहानपणापासून." पण पुढे काही विचारलं नाही. कोट घातला आणि ओग्न्यानच्या गाडीत जाऊन बसली.

गाडी वळली. मी छताला परत टेकू लावले आणि घण उचलला.

पावणेबारापर्यंत मी तळाशी पोचले होते. माझी बोटं सोललेली, तोंडात चुना. प्रत्येक दगड स्वतः उचलून बाहेर टाकला होता.

काठी नव्हती.

मातीत तिची खाच होती. अगदी ताजी, गुळगुळीत. लोकरीचे दोन-तीन लाल धागे चिकटलेले. काठी मात्र नव्हती. मी दगड परत उलटेपालटे केले. माती चाळली.

आणि सगळं शांत झालं...

या वेळी पावलं बाहेरून आली नाहीत. काहीच आलं नाही. ती उभी खाच माझ्या डोळ्यांदेखत कोरडी पडत गेली. खालून वर.

मग फोन वाजला.

ओग्न्यान होता. त्याला नीट बोलता येत नव्हतं. "तिसऱ्या मजल्यापर्यंत आली. म्हणाली, जरा थांबते... कठडा धरला... नेवेना, मी पिशव्या घेऊन पुढे होतो. मी दोनच पायऱ्या पुढे होतो."

डॉक्टर म्हणाले, हृदय. एवढं कमकुवत आणि त्यात जिने, दुसरं काय होणार. गेंकोकाका म्हणतात, काठी. ओग्न्यान काहीच म्हणत नाही. तिला ते जिने कुणी चढायला लावले, हे तो एकदाही बोललेला नाही. त्याच्या न बोलण्याचाच मला जास्त त्रास होतो.

तिला त्या अंगणातच राहू दिलं असतं, तर? हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते.

ती भिंत पुढे मी एकटीने रचली. काका आले नाहीत. आयुष्यात मी कधी भिंत रचलेली नव्हती. आत काही ठेवलं नाही, हे मी शपथेवर सांगते. नुसते दगड आणि माती. भिंत वेडीवाकडी झाली. फेब्रुवारीच्या बर्फाने शेजारचं धान्याचं कोठार बसलं. माझ्या भिंतीला केसाएवढा तडा नाही.

ओग्न्यान आता शहरात राहतो. घर विकून टाक, म्हणतो. दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. एका जोडप्याला फार आवडलं होतं. मी नाही म्हणाले. त्यांना कारण काय सांगणार होते?

कारण हे आहे. या घरात एकही जिना नाही. तरी रोज बारा वाजता त्या भिंतीच्या आत कुणीतरी जिना चढतं.

एक पायरी... थांबणं... श्वास.

दुसरी पायरी... थांबणं... श्वास.

तिसऱ्या मजल्यापर्यंत. पायऱ्या मी मोजल्यात. तिथे आवाज थांबतो.

मी भिंतीपाशी जमिनीवर बसते आणि म्हणते, "आई, नको चढूस. खाली ये. अंगण इथेच आहे."

ती ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी बारा वाजता ती पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायला लागते.