मधल्याच्या मागे

माझे नाव शिवराम भागुराम कासारे. वय अठ्ठ्याहत्तर वर्षे. मुंबई बंदरात क्रेन चालवून मी निवृत्त झालो. शाळा सातवीत सुटली, वाचन मात्र कधी सुटले नाही. सध्या मस्कतमध्ये, मदिनत सुलतान काबूस या वस्तीत, माझा मुलगा प्रफुल्ल, सून तृप्ती आणि नात रेवा यांच्यासमवेत राहतो. पुढे जे सांगणार आहे ते एखाद्या देवभोळ्या वृद्धाचे कथन आहे असा आपला समज होऊ नये, म्हणून आणखी एक गोष्ट प्रारंभीच नमूद करतो. छप्पन साली आमच्या घराण्याने धर्म बदलला. तेव्हा देव्हाऱ्यातील टाक आणि शेंदूर फासलेले दगड टोपलीत भरून वडिलांनी खाडीत सोडले. टोपलीचा एक कान त्यांच्या हातात होता, दुसरा माझ्या. परतताना ते म्हणाले, "शिवा, आता मान फक्त वाचायला खाली घालायची."

ती आज्ञा मी अक्षरशः पाळली. मात्र गेल्या वर्षापासून वाचणेच कठीण होऊन बसले होते. माझ्या दृष्टीच्या मधोमध एक करडा डाग आला होता. कडेचे सारे दिसे. ज्याकडे पाहीन तेवढे नेमके नाहीसे होई. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसत, चेहरा नसे. अक्षरावर नजर टेकवली की अक्षर विरघळून जाई. डॉक्टरांनी डोळ्यांत इंजेक्शने दिली आणि स्पष्ट सांगितले, की पडद्याचा मध्य झिजला आहे, उन्हाळ्यापर्यंत छापील मजकूर जाईल, वावरण्यापुरते कडेने दिसत राहील. मी जाड भिंगांचा चष्मा लावून, चेहरा किंचित वळवून, डोळ्याच्या कोपऱ्याने वाचावयास शिकलो. रेवा म्हणे, "आजोबा, तुम्ही कोंबडीसारखे बघता."

येथील मराठी वाचकांच्या मासिक बैठकीत मला एक निबंध वाचावयाचा होता. विषय मीच निवडला होता: प्राचीन इस्राएली लोकांच्या बागा आणि तेथील मूर्तिपूजा. तो निबंध उभे राहून, स्वतःच्या डोळ्यांनी वाचावा आणि मग डोळ्यांचे जे व्हायचे ते होवो, एवढीच माझी इच्छा उरली होती. नुसते पाठ करून म्हणणे मला मान्य नव्हते. ते वाचन नव्हे.

विषय मोठा विलक्षण आहे. एकाच निराकार देवाला मानणारे ते लोक. पण मंदिर सोडून ते बागांत जात. विटांवर धूप जाळीत. उथळ कुंड्यांत बी पेरून एका दिवसात हिरवे कोंब काढीत आणि ते कोंब तितक्याच लवकर सुकत. बागेत शिरण्यापूर्वी स्नान करून शुद्ध होत आणि मध्यभागी असलेल्या कोणा एकाच्या मागोमाग चालत. तो एक कोण, मूर्ती की माणूस, यावर विद्वानांचे एकमत नाही. त्यांचे संदेष्टे संतापून सांगत, की मूर्तीला डोळे असून दिसत नाही आणि तिला भजणाराही शेवटी तिच्यासारखाच होतो.

हा भाग रेवा मला वाचून दाखवीत होती. तिचे मराठी अडखळत चालते. वाचता वाचता ती थांबली.

"म्हणजे आयडॉलला डोळे आहेत पण दिसत नाही. आणि वर्शिप करणारे पण तसेच होतात. बरोबर?"

"बरोबर."

"मग आजोबा, तुम्ही कोणाची वर्शिप केली?"

तृप्तीने स्वयंपाकघरातून तिला दटावले. मी म्हणालो, "पुढे वाच."

जानेवारीतील एका शनिवारी प्रफुल्लला इब्री शहराच्या पुढे जावयाचे होते. त्याची कंपनी शेतांवर पाण्याचे पंप बसविते. तेथील एका अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, खजुराच्या बागेतला पंप वारंवार बंद पडत होता. काम तासाभराचे. रेवाला सुट्टी होती आणि मलाही बाग पाहावयाची होती. चार पाने बागांवर लिहून मी एकही जुनी बाग पाहिली नव्हती. निबंधाचे कागद मी पिशवीत घेतले. तृप्ती म्हणाली, "बाबा, बागेत तरी डोळ्यांना सुट्टी द्या." मी ऐकले नाही.

दुपार सरत आली होती तेव्हा पोहोचलो. चारही बाजूंनी मातीची उंच भिंत, वर खजुरांचे शेंडे, आणि भिंतीत दार केवळ कमरेइतके. दाराशी बागेचा राखणदार शरीफ उभा होता. हा मूळचा दापोलीकडचा. माझे मराठी ऐकून त्याला कोण आनंद झाला. दारातून फलज वाहत होता. डोंगरातून बागेला पाणी आणणारा तो उघडा पाट. त्यात पाय धुऊनच आत जावयाचे, असा तेथला रिवाज. रेवाने पाय धुतले आणि पटकन वाकून ती आत गेली. मी थांबलो.

"वाका, चाचा," शरीफ म्हणाला. "अर्बाबसुद्धा वाकतो."

"त्यांना सवय असेल," मी म्हणालो. मी उंबऱ्यावर बसलो आणि बसल्या बसल्या आत सरकलो. धोतर भिजले, मान ताठ राहिली. रेवा इतकी हसली की तिला उचकी लागली. प्रफुल्लने शरीफकडे पाहून खांदे उडविले.

आत गेल्यावर प्रथम जाणवला तो प्रकाश. खजुराच्या झावळ्यांतून उतरता उतरता ऊन हिरवे होत होते आणि पाण्याखालून पाहावे तसे सारे मंद हलत होते. ओल्या मातीचा, लिंबाच्या पानांचा वास होता. पाणी कोठे तरी अगदी हळू बोलत होते. बागेच्या मधोमध मात्र एक गोल तुकडा उघडा होता. पाट त्याच्याभोवती वळसा घेऊन जात होता, आत जात नव्हता. तेथे काही पेरलेले नव्हते. शरीफने सांगितले, की अर्बाबच्या पणजोबांच्याही आधीपासून तो तसाच सोडलेला आहे. मालक मंडळी नेक, नमाजी माणसे, त्या तुकड्याचे नावही काढीत नाहीत, आणि तोही विचारीत नाही.

"कडेकडेनं फिरा, चाचा. मधे बघत बसू नका."

"मला मधले काहीच दिसत नाही," मी म्हणालो, आणि डोळ्यांचा प्रकार त्याला सांगितला.

तो विचारात पडला. "मग इथं तुमच्यासारखाच माणूस बरा," तो म्हणाला आणि प्रफुल्लला घेऊन भिंतीबाहेरच्या विहिरीकडे गेला.

आम्ही दोघे लिंबाच्या झाडाखाली बसलो. मी कागद रेवाच्या हाती दिले. ती वाचू लागली. कुंड्या, कोंब, विटांवरचा धूप... तिचा आवाज, पाण्याचा आवाज, दूरवरून पंपाची धडधड. मग पंप थांबला. धूप या शब्दापाशी मला लोबानाचा वास आला. आसपास कोणी जाळीत असेल, असे वाटले. ओमानात घरोघरी लोबान जळतो. रेवा पुढे वाचत होती, "मध्यभागी असलेल्या कोणा एकाच्या मागोमाग..." आणि तेथे तिचा आवाज बंद झाला.

मी मान वळवून मधल्या तुकड्याकडे पाहिले. सरळ पाहिले. सवय म्हणून डाग येण्याची वाट पाहिली.

डाग आला नाही.

तेथे एक दगड होता, गुडघ्याएवढा, न घडविलेला. त्याचा कण अन् कण मला दिसत होता. त्यावरून चाललेली एक मुंगी दिसली, तिचे पाय दिसले. वर्षभरात मी मुंगी पाहिली नव्हती. मला रडू आले, हे मी लपवीत नाही. आणि त्याच वेळी कडेचे सारे विरघळून गेले; झाडे, भिंत, माझे हात, रेवा. माझी दृष्टी जणू कोणी उलटी करून पांघरली होती. जगात फक्त मध्य उरला होता.

त्या मध्यात कोणी एक उभा होता. पाठमोरा. त्याची मान दिसत होती, मानेवरचे बारीक केस दिसत होते, कानामागची एक शीर दिसत होती. तो हळूहळू चालू लागला, दगडाभोवती. विरघळलेल्या कडांतून त्याच्या मागे माणसे येऊ लागली. त्यांचे चेहरे मला दिसले नाहीत. पावले ओली होती, एवढे कळले. ओल्या पावलांचा मातीवर होतो तसा मऊ आवाज होत होता. कोणी बोलत नव्हते. भय वाटले नाही. एवढेच वाटले, की मी चार पावले पुढे गेलो तर त्याचा चेहरा दिसेल, आणि वर्षभरात मी एकही चेहरा नीट पाहिलेला नाही.

मी उठलो. पाट ओलांडला. ओळीत जागा होती. ती माझ्यासाठीच ठेवली असावी, इतकी सहज मिळाली. मी चालू लागलो. फेरी संपेना. तो दोन हातांवर होता, मग एका हातावर...

आणि माझा चष्मा नाकावरून घसरून खाली पडला.

मी वाकलो. येथे मला अत्यंत काटेकोर राहिले पाहिजे. मी चष्मा उचलण्यासाठी वाकलो. अन्य कशासाठीही नाही. परंतु माझ्या वयात जमिनीवरची वस्तू उचलावयाची तर दोन्ही गुडघे टेकावे लागतात, मग दोन्ही पंजे. चष्मा दगडाच्या अगदी पायथ्याशी पडला होता. त्यासाठी हात लांबविताना माझे कपाळ दगडाला लागले. दगड थंड नव्हता. अंगाइतकाच ऊन होता.

मान वर केली तेव्हा समोर कोणी नव्हते. मागे, हाताच्या अंतरावर, रेवा उभी होती. तिचे पाय ओले होते.

"तू केव्हा आलीस?"

"तुम्ही त्यांच्या मागे गेलात," ती हळूच म्हणाली. "म्हणून मी तुमच्या मागे..."

"कोणाच्या मागे, बाळ?"

"ते... मधले."

मी तिचा हात धरून कडेकडेने बाहेर आलो. दाराशी पुन्हा उंबऱ्यावर बसून सरकलो. या वेळी ती हसली नाही. शरीफने माझ्या गुडघ्यांवरची माती पाहिली.

परतीच्या वाटेवर मी चष्मा पुसण्यासाठी काढला आणि रस्त्यावरची पाटी वाचली. मग पुढची. प्रफुल्लने गाडी बाजूला घेतली आणि मोबाइलवरची बारीक अक्षरे माझ्यापुढे धरली. मी तीही वाचली. तो म्हणाला, "बाबा, इंजेक्शनं लागू पडली." डॉक्टरांचेही पुढे तेच मत पडले, सूज उतरली, असे कधी कधी होते. मला ते मत पटले. पटवून घेणे सोयीचे होते.

बैठकीच्या दिवशी सकाळी शरीफने प्रफुल्लच्या मोबाइलवर एक छायाचित्र पाठविले. मधल्या तुकड्यात कोंब फुटले होते, बोटभर उंचीचे, दाट हिरवे. सगळीकडे नाही. दगडापुढे दोन वाटोळ्या जागी आणि दोन पंजांच्या आकारात. आणि त्यांच्या मागे, थोडे अंतर सोडून, दोन लहान पावलांत. पाटाचे पाणी तिकडे जात नाही, मी बी टाकले नाही, एवढेच त्याने खाली लिहिले होते.

संध्याकाळी मी निबंध वाचला. उभा राहून, चष्म्यावाचून, एकदाही न अडखळता. सभागृह भरलेले होते आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत होता. मूर्तीला डोळे असून दिसत नाही, या वाक्यापाशी मी नजर वर केली. पहिल्या रांगेत तृप्तीशेजारी रेवा बसली होती. तिचे लक्ष माझ्याकडेच होते. मात्र तिचा चेहरा किंचित वळलेला होता आणि ती मला डोळ्याच्या कोपऱ्याने पाहत होती.

पुढचे वाक्य मी वाचले नाही. श्रोत्यांना वाटले, निबंध संपला. त्यांनी टाळ्या वाजविल्या.

तृप्ती म्हणते, ती तुमची नक्कल करते, लहान मुले करतातच. मी त्या रात्री रेवाला जवळ बसवून विचारले, की माझ्याकडे सरळ पाहिल्यावर तुला काय दिसते.

"तुमचे कान," ती म्हणाली.

तिची डॉक्टरांकडची वेळ रविवारची मिळाली आहे. काल शरीफने दुसरे छायाचित्र पाठविले. गुडघ्यांच्या आणि पंजांच्या जागचे कोंब तसेच हिरवे आहेत. लहान पावलांतले पिवळे पडू लागले आहेत.

मी प्रफुल्लला सांगितले, की मला ती बाग पुन्हा एकदा पाहावयाची आहे, आणि या खेपेस एकट्याने आत जाईन. त्याने कारण विचारले नाही. वडील असते तर त्यांनी विचारले असते आणि मला उत्तर देता आले नसते.

त्या शनिवारपासून झालेला बदल एवढाच: मी चष्म्यावाचून वाचतो आणि रेवा पुस्तक उघडीत नाही. उद्या शुक्रवार. पहाटे निघू. चष्मा मी येथेच, टेबलाच्या खणात, ठेवून जाणार आहे; या वेळी वाकण्यास निमित्त नको.