उरलेलं अंतर

एकूण ८,९०० किलोमीटर. वेळ अकरा तास.

हे आकडे मीच काढले. विमान कोणत्या वाटेने जाईल, किती इंधन लागेल, हे मी विमानतळामागच्या इमारतीत बसून ठरवतो. उडाल्यावर वैमानिकाशी संदेशांवर बोलतो.

सकाळी मेहुण्याचा फोन आला होता. "तुमच्याच विमानाने निघालोय, दादासाहेब. बायकोला आणायला. वेळेवर पोचवा म्हणजे झालं!"

त्याने माझ्या धाकट्या बहिणीच्या दोन बरगड्या मोडल्या, तेव्हा मीच तिला इतक्या लांब पाठवलं होतं. पत्ता त्याला कुठून मिळाला, देव जाणे. मी तिला लगेच कळवलं, "अकरा तास आहेत. सामान भर आणि दुसरीकडे जा."

उरलं ८,१००.

धाकटीचा फोन. "दादा, तो आलाय."

"वेडी आहेस का? तो ढगात आहे. मी पडद्यावर बघतोय."

"दाराच्या भोकातून पाहिलं. बाहेर कोणी नाही. पण दार आत येतंय."

फोनमधून ऐकलं. मुठी. सावकाश, एकामागून एक. हेच ठोके मी तिच्या जुन्या घरी भिंतीपलीकडून ऐकले होते.

वैमानिकाला विचारलं, मेहुणा जागेवर आहे का?

उत्तर आलं : आहे. गाढ झोपलाय. दोन्ही मुठी सोलून रक्त वाहतंय. कारण कळत नाही.

उरलं ६,४००.

फळी फुटल्याचा आवाज.

"दादा, फटीतून हात... माझे केस..."

ती किंचाळली. मी पुढे वादळ असल्याचं खोटंच कळवून विमान बाजूला वळवलं. अंतर वाढलं. तिकडे हात मागे गेला. ठोके मंदावले.

वैमानिक : आभाळ स्वच्छ आहे. असं फिरत राहिलो तर इंधन पुरणार नाही.

आत दोनशे माणसं होती. सरळ नेलं तर धाकटी जाणार. फिरवत ठेवलं तर ती सगळी.

मी लिहिलं : प्रवासी जखमी आहे. परत या.

उरलं २,५००. माझ्यापर्यंत.

"दादा, थांबलं." ती रडता रडता हसली. "केसांचा पुंजका उपटून नेला मेल्यानं. बाकी धड आहे मी."

९००.

"तुझं विमान कधी नव्हे ते उशिरा येऊ दे हं," ती म्हणाली.

मी हसलो.

"दादा, तुझ्याकडे काय वाजतंय?"

काहीच वाजत नव्हतं. भर दुपार. पंख्याची घरघर.

काचेच्या दारावर मुठींचे लाल, ओले ठसे उमटत होते. चार चार, शेजारी शेजारी.

मी बाहेर जाऊन रुमालाने पुसले. निघेनात.

ते आतल्या बाजूने होते. एकाला लांब केस चिकटला होता.