खांबाला पालवी फुटली तेव्हा

"ज्यानं बॉल घालवला त्यानं आणायचा," कमरेवर हात ठेवून प्राची म्हणाली. "दौंडचे नियम दौंडला."

रोहन पुटपुटत निघाला. दर मे महिन्यात तो दौंडहून धोंडेमाळला मामाकडं, म्हणजे प्राचीच्या घरी यायचा आणि पहिल्याच दिवशी बॉल घालवायचा. यंदा बॉल गेला होता ज्ञानदेवशेठच्या कुंपणाखाली. कारेगावच्या कारखान्यांचा माल ठेवायला शेठ टेकडीच्या पायथ्याशी मोठं गोडाऊन बांधत होते. भिंती नव्या होत्या. वॉचमन दिवसातून तीनदा पाइप धरून त्यांच्यावर पाणी मारायचा.

"ए, इकडं या दोघी," रोहनचा आवाज आला. "खांबाला पानं आलीत."

"उन्हानं डोकं फिरलंय याचं," प्राची म्हणाली. तरी ती आणि तिची मैत्रीण बुशरा गेल्याच.

रोहनचं डोकं ठिकाणावर होतं. काटेरी तार लाकडी खांबांना ठोकलेली होती, आणि ओल्या भिंतीलगतच्या पाच खांबांना शेंड्यापाशी कोवळी पालवी फुटली होती. पानं कडुलिंबासारखी, पण जाडसर आणि लवदार. बुशरानं एक पान चुरगळून नाकाशी नेलं आणि पुन्हा एकदा हुंगलं.

"काय गं?" प्राचीनं विचारलं.

"सालई आहे ही. आमच्या आबांच्या हाताला हाच वास येतो."

आता हे आबा कोण, ते सांगायला हवं. बुशराचे आजोबा फकीर आबा चाळीस वर्षं टेकडीवरच्या सालईचा डिंक काढत आले होते. थंडी पडली की ते खुरपीनं खोडाची साल पातळशी तासायचे. तिथून पांढरा चीक पाझरायचा आणि वाळून त्याचे पिवळसर खडे व्हायचे. निखाऱ्यावर खडा टाकला की घरभर घमघमाट. गुरुवारी हा डिंक धूप म्हणून दर्ग्यात जायचा, पौर्णिमेला प्राचीच्या वस्तीतल्या विहारात जायचा आणि उरलेला शिरूरचे वैद्य सांधेदुखीच्या औषधासाठी न्यायचे.

मार्चमध्ये सगळं बिनसलं. टेकडीवरची सहा झाडं वाळली आहेत, म्हाताऱ्यानं चिरून चिरून मारली आहेत, असा अर्ज ज्ञानदेवशेठनं पंचायतीत दिला. सरपंच गीताबाईंचं माहेर भीमेकाठचं, वडगाव रासाईचं. बारमाही हिरव्या उसात वाढलेल्या बाईंनी टेकडीकडं खालूनच पाहिलं, झाडांवर पान दिसेना, आणि परवानगी देऊन टाकली. "उन्हाळ्यात सालई नागडीच असती, बाई," आबा सांगत होते. ऐकतंय कोण? झाडं तुटली आणि आबांना टेकडीवर पाय ठेवायला बंदी झाली.

पण आबांच्या जिव्हारी लागलं ते दुसरंच. त्या दिवशी बुशरानंही विचारलं होतं, "आबा, खरंच तुमच्यामुळं मेली का?" आबा तसेच उठले आणि न जेवता झोपले. तेव्हापासून त्यांची खुरपी कौलाखाली खोचलेली होती. ते आठवलं की बुशराला घास गिळवत नसे.

आणि आता उरलेल्या नऊ झाडांची पाळी होती. शेठला तिथून ट्रकसाठी सरळ रस्ता हवा होता. झाडं जास्त होती म्हणून या वेळी वनखात्याच्या मॅडम शिरूरहून पंचनाम्याला येणार होत्या, उद्या सकाळी दहाला.

"मेलेल्या लाकडाला पानं फुटत नाहीत," बुशरा सावकाश म्हणाली. "तोडली तेव्हा झाडं जिवंत होती. आबांनी मारली नाहीत."

"पण हे खांब आपल्याच टेकडीवरचे कशावरून?" प्राचीनं शंका काढली.

"त्यात काय, विचारू की," म्हणत रोहन वॉचमनकडं पळालासुद्धा. "चाचा, ये खंभे कहाँ से आए?"

"पहाड़ी से. सेठजी ने कटवाए थे."

"वा! कल मॅडम को दिखाएँगे."

प्राचीनं त्याला असा चिमटा काढला की पठ्ठ्या जागीच नाचला. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. वॉचमननं खिशातून फोन काढला होता.

फाटकाचा खांब सगळ्यांत जाड होता. त्याच्या बुंध्यावर बुशराला एक जुनी, कडेनं भरून आलेली खूण दिसली. प्राचीच्या घरून पट्टी आणि वही आणून तिनं मापं घेतली, खुणेएवढंच चित्र काढलं आणि घर गाठलं. आबा ओट्यावर बसले होते.

"आबा, तुम्ही झाडाला किती रुंद चिरता?"

आबांनी चार बोटं जुळवून दाखवली. "येवढंच. आन् येक वरीस डिंक काढला की तीन वरसं त्या झाडाला हात लावायचा न्हाई. जखम भरून येती. का गं?"

बुशरानं वहीतलं चित्र त्यांच्या बोटांखाली सरकवलं. बरोबर चार बोटं. माफी मागावी असं तिला फार वाटलं, पण ओठ घट्ट मिटून तिनं स्वतःला बजावलं, आधी पुरावा, मग माफी.

सकाळी आठला तिघं कुंपणापाशी पोचली आणि रोहन खांबाखांबाला हात लावत धावला. पाचही खांब बोडके होते. एक पान म्हणून शिल्लक नव्हतं.

"माझ्यामुळं झालं हे," तो रडवेला झाला. "माझ्या तोंडाला कुलूपच घालायला हवं."

"किल्ली माझ्याकडं दे," प्राची म्हणाली, पण तिचाही चेहरा उतरला होता.

बुशरा मात्र खांबाला नाक लावून बघत होती. जिथं जिथं पान ओरबाडलं होतं, तिथं तिथं चिकाचा बारीक थेंब आला होता. तिनं बोट लावलं. बोट चिकटलं.

"बरं झालं तोडली," ती म्हणाली. "चला, आबांना घेऊन येऊ. आता मी मागं हटणार नाही."

दहा वाजता टेकडीच्या पायथ्याशी माणसं जमली. वनपाल सारिका मॅडम मोटरसायकलवरून आल्या. गीताबाई होत्या, आबांना घेऊन आलेली तिघं होती, आणि ज्ञानदेवशेठ इस्त्रीच्या कपड्यांत, हात मागं बांधून.

"बघा की मॅडम, पान तरी हाय का येकाला?" शेठ म्हणाले. "म्हाताऱ्यानं पार मारून टाकली."

"मॅडम, झाडं जिवंत आहेत," बुशरा पुढं झाली. "तोडलेली सहासुद्धा जिवंत होती. त्यांच्या खांबांना पालवी आली होती. कुणीतरी ती तोडून टाकली."

"पोरांचं काय ऐकता? सुट्टीत कामधंदा नसतो त्यास्नी."

"ऐकते की. कानाला काही पैसे पडत नाहीत," मॅडम म्हणाल्या. "तोवर अर्जदार म्हणून तुम्ही इथं सही करा."

शेठनं नाइलाजानं हात पुढं काढला, डाव्या हातानं कागद दाबला आणि सही केली. हात उचलला, तर कागदही उचलला गेला. शेठनं झटकला, तो दुसऱ्या हाताला चिकटला. रोहनला हसू आवरेना. आता तोंडाला कुलूप घालायची त्याची मुळीच तयारी नव्हती.

"कशानं चिकटतंय हो?" मॅडमनी विचारलं.

"ग्रीस... गाडीचं ग्रीस हाय."

मॅडमनी कागद नाकाशी धरला. "ग्रीसला धुपाचा वास?"

शेठनं हात पुन्हा मागं नेले. साबणानं दोनदा हात धुतले होते बिचाऱ्यांनी, पण सालईच्या चिकाला तेल लागतं, हे त्यांना कोण सांगणार?

सगळे कुंपणाकडं निघाले. मॅडमनी खांबाची साल चाकूनं खरवडली, आत हिरवीगार. फाटकाच्या खांबावरच्या खुणेवर आबांनी चार बोटं ठेवली. कडेला सूतभरही जागा उरली नाही.

"जखम तर छान भरून आलीय," मॅडम म्हणाल्या. "अशानं झाड मरत नाही. हे पडलंय ते करवतीनं."

मग मॅडमच्या सांगण्यावरून टेकडीवर जाऊन आबांनी एका बोडक्या फांदीवर नख ओढलं. नखाखाली हिरवं दिसलं. गीताबाई ते कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"आबा, माझं चुकलं," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "चार पावलं चढून यायला हवं होतं मी. तुमची बंदी आत्तापासून उठली. आणि पोरींनो, रोहन, तुम्ही गावाची लाज राखलीत."

मॅडमनी नऊ झाडांचा अर्ज तिथंच फेटाळला. सहा झाडांची चौकशी होणार होती. शिवाय पाऊस पडला की पालवी फुटलेले खांब शेठनं स्वतः उपटून टेकडीवर रोवायचे होते.

"जगतील का हो आबा?" प्राचीनं विचारलं.

"जगतील की. सालईचा फाटा चिवट असतो."

खाली उतरताना बुशरानं आबांचा हात धरला. "आबा, मी तुम्हाला तसं विचारायला नको होतं. चुकले मी."

आबांनी तिचा हात घरापर्यंत सोडला नाही. घरी येऊन त्यांनी कौलाखालची खुरपी काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि तिच्या हातात ठेवली.

"थंडी पडली की येयाचं माझ्यासंगं. माप तुझ्या बोटांनी घेयाचं."

"माझ्या का?"

"तुझी बोटं बारीक हायत," आबा म्हणाले. "झाडाला तेवढंच कमी दुखंल."