पाचवं घर

सन एकोणीसशे सत्त्याऐंशी, ऐन हिवाळा. धक्क्यावर भरदुपारी धुकं होतं. प्रोग्रामर रोजच्यासारखा वजनाच्या चिठ्ठ्या छापायला बसला.

यंत्राच्या पोटात आकडे नुसते असतात. पुढे शून्यं, मध्ये स्वल्पविराम नाही. माणसाला वाचता यावेत म्हणून तो त्यांना चिठ्ठीवर घरं आखून द्यायचा, एका अंकाला एक घर. गेल्या हिवाळ्यात चारच आखली होती. दहा टनांचं खोकं येतंय कशाला? आलं. बारा हजार चारशे किलोचं. डावीकडचा एकचा अंक गळून पडला आणि यंत्रानं हूं की चूं केलं नाही. चिठ्ठीवर उमटलं २,४००. स्वल्पविरामासकट, नीटनेटकं. क्रेनवर मेहुणा होता, बायकोचा पाठचा भाऊ. थट्टेखोर. "दाजी, तुमचं मशीन पगार बरोबर कापतं, वजनाला का लाजेल?" म्हणायचा. क्रेन त्याला घेऊन आडवी झाली.

प्रोग्रामरनं त्याच दिवशी पाचवं घर जोडलं. बायको वर्षभर एकच बोलली, "माझा भाऊ देणं लागता तुम्ही."

आता क्रेनवर प्रोग्रामरचा स्वतःचा धाकटा भाऊ होता.

छपाईयंत्र खडखडलं. चिठ्ठी आली. २,४००. पाचव्या घराच्या जागी ग्रीसचा अंगठा. ओला.

त्यानं पडद्यावर पाहिलं. १२४००. घरंही पाचच. पुन्हा छापली. तेच. तोच अंगठा. खोलीत ग्रीसचा वास दाटला. प्रत्येक चिठ्ठी त्याच क्षणी धक्क्यावरच्या यंत्रातूनही निघत असे. त्यानं फोन उचलला.

"उचलू नका! बारा टनांचं आहे ते!"

पलीकडे नुसता वारा. मग ओळखीचा आवाज, अगदी हळू... "दाजी... आम्ही चिठ्ठीवर भरवसा ठेवतो हो..."

चिठ्ठी मुठीत धरून तो पळाला. खोकं हवेत होतं. क्रेनची एक बाजू जमिनीवरून सुटू लागली होती. तो शिडी चढला. धाकटा दांडा आवळून गोठला होता.

"दादा... दांडा सोडला तर क्रेन जाईल..."

"सरक. मी धरतो."

"तुला येतं?"

"मेहुण्यानं शिकवलंय. उतर, गाढवा!"

धाकटा उतरू लागला. प्रोग्रामरनं दांडा धरला. दांड्यावर आधीच कुणाचा तरी हात होता. गार. ग्रीसनं माखलेला. त्यानं आपला हात मागे घेतला नाही.

धाकट्याचे पाय जमिनीला लागले. क्रेन आडवी झाली.

संध्याकाळी धाकट्यानं भावाच्या मुठीतली चिठ्ठी वहिनीपुढे धरली. तिच्यावर १२,४०० होतं. चार अंक छापलेले. पहिला एक ग्रीसचा, बोटानं काढलेला, लांब शेपटीचा. तिचा भाऊ शाळेत असाच काढायचा, मार खायचा.

तिनं शेपटीवरून बोट फिरवलं. डोळ्यांत पाणी नव्हतं.

"फिटलं," ती म्हणाली.