डाव्या पंखाचे नमुने

दोघा भावांनी घरामागच्या शेडमध्ये विमान बांधायला घेतलं, तेव्हा थोरल्याची बायको म्हणाली होती, मोरीचं दार सहा महिने लागत नाहीये आणि हे निघाले आकाशात.

उजवा पंख थोरल्याचा, डावा धाकट्याचा. लाकडी फासळ्यांना गोंद लावायचा, वर पातळ प्लायवूड बसवायचं, आणि दाब राहावा म्हणून पट्टी ठेवून बारीक खिळे ठोकायचे. गोंद सुकला की पट्टीसकट उपटायचे. थोरल्याची अट एकच. दर वेळी कालवलेल्या गोंदाने लाकडाचे दोन तुकडे जोडायचे आणि दुसऱ्या दिवशी तोडायचे. लाकूड फाटलं तर सांधा पक्का. गोंद सुटला तर काम बाद.

धाकटा रोज सकाळी फाटलेला तुकडा आणून दाखवायचा. थोरला मान हलवायचा. पहिलं उड्डाण त्याचं होतं, म्हणजे जीवही त्याचाच.

एके दिवशी त्याची नजर अडकली. फाट कालच्यासारखीच: नावेसारखा खळगा, टोकाला डावीकडे वळलेलं कुसळ. त्याने तुकडा खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी धाकट्याने नवा आणला. तीच नाव, तेच कुसळ. खिशातला खिशातच होता.

"किती कोरून ठेवलेत रे?"

धाकट्याला आधी थट्टाच वाटली. मग त्याचा चेहरा उतरला. "दादा, तुझ्या जिवाशी खेळेन मी?"

"मग पहिला तूच बस."

"बसतो."

पाठच्या भावाने दगा द्यावा, हे थोरल्याच्या घशाखाली उतरेना. बायको म्हणाली, खोटं बोलताना भावोजींचे कान लाल होतात, आज नव्हते.

मग त्याने स्वतः गोंद कालवला. नवा डबा, नवं लाकूड. दुसऱ्या दिवशी दुपारी तोडलं.

नाव. कुसळ.

पटाशीने त्याने आपल्याच उजव्या पंखाचा कोपरा उचकटला.

तिथेही.

कोपरा पुन्हा बसवून त्यावर रंग मारला. माफी मागावी तर धाकट्यापुढे मान खाली जाणार. खरं सांगावं तर विमान मोडीत. दोन्ही सौदे महाग होते.

ठरल्या सकाळी मैदानात धाकटा पट्टे आवळून बसला. "वहिनी म्हणाली, तूही एक तोडून बघितलास. कसा तुटला?"

"लाकूड फाटलं," थोरला म्हणाला. शब्दाला शब्द खरा.

धाकटा हसला, कितीतरी दिवसांनी. इंजिन लागलं. पंखाचं टोक धरलेल्या भावाला त्याने हाताने 'सोड' अशी खूण केली.

गोंद सुकून महिने झाले होते. तळहाताखाली पंख कोमट लागला, किंचित ओला.

विमान सरकलं. थोरल्याने हात मागे घेतला.

तळहात सुटला नाही.