अंबूबाईचा घास

"केयूर, डबा हलवू नकोस! अजून एक पडली बघ!"

ओवीचा आवाज रडवेला झाला होता. थेरगावातल्या तिच्या घराच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली, तीन डोकी एका पारदर्शक डब्यावर वाकली होती. एक ओवीचं, दुसरं दिघीहून सुट्टीला आलेल्या तिच्या आत्येभावाचं, केयूरचं आणि तिसरं खालच्या मजल्यावरच्या निशिगंधाचं.

डब्यात ओवीच्या मुंग्या होत्या. मोठ्या, काळ्याभोर. गेल्या वर्षी गच्चीवर तिला पंख गळालेली राणीमुंगी सापडली होती. काचेच्या नळीत, ओल्या कापसाच्या बोळ्याजवळ ओवीनं तिला ठेवली आणि डोळ्यांत तेल घालून तिचं वारूळ वाढवलं. राणीचं नाव अंबूबाई!

आणि आज अंबूबाईच्या लेकी पटापट उताण्या पडत होत्या.

"सगळ्याच मरायल्यात की गं!" निशिगंधा म्हणाली. तिचे आईवडील लातूरकडचे. घाबरली की तिची बोली अशी बाहेर पडायची. "अंबूबाई?"

"आहे. पण मिशा कशा संथ हलवतेय बघ." ओवीनं नाक ओढलं. "त्या एकमेकींना तोंडानं भरवतात गं. जे काय त्यांच्या पोटात गेलंय ते शेवटी राणीपर्यंत पोचणार. ती गेली की संपलंच!"

आई दारात येऊन उभी राहिली. "ओवी, आधीच सांगते. या गेल्या की दुसरं वारूळ घरात येणार नाही. मला झुरळं पुरेत."

"आई, तू तर काही फवारलं नाहीस ना?"

"मी? लाडू वळू की मुंग्या मारू? खाली सुखदाचं डोहाळजेवण आहे, विसरलीस का?" आई पदर खोचून आत गेली. सुखदा म्हणजे निशिगंधाची वहिनी.

"चला, बाहेरच्या मुंग्या बघू," केयूर म्हणाला. "त्याही मेल्या असतील तर चोर घरात नाही."

तिघं धावत खाली गेली. फाटकाजवळच्या वारुळाशी मेलेल्या मुंग्यांचा सडा! आणि भोवती कुणीतरी घातलेलं पांढरं पीठ.

"आजोबा!" ओवी पुटपुटली.

आजोबा पारावर बसूनच होते. त्यांनी काही लपवलं नाही. "व्हय, मीच घालतो. शनवारी मुंग्यांना कणीक-साखर घालावी, पुण्य लागतं. तुझ्या डब्यातबी घातली चिमूट. त्या काय परक्या हायेत?"

"पण साखरेनं कुणी मरतं का?" केयूरनं डोकं खाजवलं.

हाती काहीच लागेना. ओवी जिना चढली. वर गेल्यावर तिनं आधी डब्यातली राणीची नळी पाहिली. अंबूबाई कुशीवर कलंडली होती! तिनं राणीला आणि उरल्यासुरल्या लेकींना नव्या नळीत घेतलं आणि मधाचा थेंब ठेवला. एवढंच तिच्या हातात होतं.

तेवढ्यात हॉलमधून काका ओरडला, "काय भंगार पावडर आहे राव! स्ट्रायकर चिकटतोय!"

दिग्विजयकाका चाकणच्या कंपनीत होता. सेकंड शिफ्टला जायच्या आधी रोज सराव चालायचा, कारण कंपनीत कॅरमच्या मॅच होत्या. ओवी नुसती त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग तिचे डोळे मोठे झाले.

कॅरमच्या कोपऱ्यातल्या जाळीपाशी मुंग्या लागल्या होत्या!

"केयूर, कॅरमच्या पावडरीला मुंग्या लागतात का रे?"

"छे! ती बोरिक पावडर असते. आई तर तिच्याच गोळ्या करून झुरळांना घालते. कणीक, साखर आणि..." केयूरनं ओवीकडे पाहिलं.

"काका! पावडर कुठे ठेवतोस?"

"स्वयंपाकघरात, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात. का गं?"

तिघं स्वयंपाकघरात घुसली. फळीवर श्रीखंडाचा डबा होता, अर्धा रिकामा, आणि शेजारी पिठीसाखरेची रिकामी पुडी. पण आई नव्हती, आणि लाडवांचं ताटही नव्हतं!

"माझी वहिनी!" निशिगंधा किंचाळली.

जिन्यावरून तिघं अक्षरशः घरंगळली. खाली फुलांचे दागिने घातलेली सुखदावहिनी पाटावर बसली होती. बायकांचं गाणं रंगलं होतं. वहिनीनं लाडू उचलला, तोंडाशी नेला...

ओवीनं झडप घालून तो हिसकावला! केयूरनं ताट उचललं आणि थेट बाहेरच्या पॅसेजमध्ये धूम ठोकली.

"अगं कार्टे!" आई ओरडली.

"काय बाई हे वळण!" शेजारच्या सुमनताई म्हणाल्या. "डोहाळे हिला लागलेत की तुमच्या मुलीला?"

"आई, रागव नंतर!" ओवी धापा टाकत होती. "आधी सांग, लाडवाची साखर कुठल्या डब्यातली?"

"श्रीखंडाच्या. त्यात थोडी पिठीसाखर होती, उरलेली पुडी मी त्यातच ओतली. उगाच दोन डबे कशाला अडवायचे?"

"त्यात आधी होती ती साखर नव्हती, आई. काकाची कॅरमची बोरिक पावडर होती. आजोबांनीही त्यातलीच घातली, माझ्या मुंग्या त्यानंच मेल्या!"

गाणं केव्हाच थांबलं होतं. आईचा चेहरा पांढराफटक पडला. दारात येऊन उभा राहिलेला काका आईला हळूच म्हणाला, "वहिनी... मी सकाळी एक लाडू खाल्लाय."

मग काय धावपळ! काकाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलं, पण आल्या आल्या आईनं त्याला घरातल्या प्रत्येक डब्यावर नाव लिहायला बसवलं आणि स्वतःही बसली. सुखदावहिनीनं तिघांना जवळ घेतलं. तिनं ओवीचा हात नुसता पोटावर धरून ठेवला.

"पोरींनी आन् पोरानं दोन जीव राखले," आजोबा म्हणाले. मग गॅलरीत जाऊन ओवीशेजारी खाली बसले. "आन् म्या पुण्य म्हणून इख घातलं बघ."

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं, आजोबा?"

आई आली, नळीकडे वाकली. "ओवी... जगेल का गं ती?"

ओवीनं नळी उजेडात धरली. नळीत अंबूबाई पडून होती. मग एक लेक तिच्याजवळ आली, मधाच्या थेंबाकडे गेली, परत आली आणि तिनं तोंडाला तोंड लावलं.

अंबूबाईची एक मिशी हलली. मग दुसरी.

"घास घेतला!" ओवी कुजबुजली.

आई जमिनीवर बसली ती उठलीच नाही. शेवटी म्हणाली, "एवढीशी नळी पुरायची नाही तिला. उद्या मोठा डबा आणू."